सहा घड्याळं आणि एक कोरी चिप

१

"कोरी आहे," स्वराज म्हणाला. "आत्या, चिप कोरी आहे. दोन वर्षं पाण्यात गेली."

दसऱ्याची सकाळ, साडेआठ वाजलेले. करंजखारच्या जेटीला अठरा होड्या झेंडूची तोरणं बांधून उभ्या होत्या, आणि जेटीच्या तोंडाशी आपल्या दुकानाच्या पायरीवर हा सत्तावीस वर्षांचा गडी डोक्याला हात लावून बसला होता. नीराबाईने आपट्याच्या पानांची टोपली खाली ठेवली. चिपमधलं तिला काही कळत नव्हतं. पण तीस वर्षं ती या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारत होती. समोरचा खरा रडतोय की भाव पाडायला रडतोय, हे तिला लांबून कळायचं. हा खरा रडत होता.

"नीट सांग. कुठली चिप?"

"मास्टरची. कानाच्या मास्टरची."

मग मात्र नीराबाई त्याच्याशेजारी पायरीवरच बसली.

'कान' म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी, इंजिनाला लोहचुंबकाने चिकटवायची. आत नखाएवढी चिप. इंजिनाची धडधड, लाटांचा मार, माणसांचा ओरडा, या सगळ्या गोंगाटातून ती नेमका आजारी आवाज वेगळा काढते आणि इंजिन बंद पडायच्या आधी दोन-तीन दिवस लाल दिवा लावते. तीन वर्षांमागे 'केसर' होडीचं इंजिन भर समुद्रात जाम झालं होतं. चार माणसं दोन दिवस वाहत गेली, कोरडे तांदूळ चावत. 'केसर' नीराबाईची, आणि त्या चौघांत तिचा मुलगा गणराज होता. तो परत आला तेव्हा त्याचे ओठ फाटलेले होते. ते ओठ बघून स्वराजने ही पेटी करायला घेतली.

मुंबईच्या एका साहेबाने त्याला ऐकवलं होतं की हे काम इंजिनीअरचं, आयटीआयवाल्याचं नव्हे. साहेब गेला खड्ड्यात. स्वराजने चिपचं बाराशे पानांचं इंग्रजी पुस्तक मोबाइलवर उतरवलं, एकेक शब्द शोधत वाचलं, फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हात बसवला आणि चिपला आवाज गाळायला शिकवलं. शिकलेल्यांची ही जात मोठी मजेशीर. ज्ञान सगळ्यांना खुलं आहे म्हणतात आणि बाराशे पानं अशा भाषेत लिहितात की जेटीवरच्या माणसाने तोंड उघडू नये.

पण आजारी आवाज म्हणजे नेमका कुठला, हे त्या बाराशे पानांतही नव्हतं. ते होतं धर्माजी मिस्त्रीच्या कानात. चाळीस वर्षं इंजिनं उघडणारा हा माणूस लांबून आवाज ऐकून सांगायचा, कुठली वाटी झिजली, कुठला पट्टा सैल झाला. दोघांनी मास्टर, म्हणजे मूळ पेटी, एकेका होडीवर नेली. धर्माजी तिला जोडलेल्या खोक्याची बटणं फिरवायचा, आवाज हवा तसा गाळला गेला की मान हलवायचा, आणि स्वराज ते आकडे चिपमध्ये साठवायचा. प्रत्येक होडीची खोड वेगळी, म्हणून प्रत्येकीचे आकडे वेगळे. आज ते मास्टरमधून अठरा नव्या पेट्यांत उतरायचे होते आणि दुपारच्या भरतीला होड्या कान लावून निघायच्या होत्या.

"तुझ्या लॅपटॉपवर न्हायत ते आकडे?"

स्वराजने मान खाली घातली. "प्रोग्राम आहे. आकडे फक्त चिपमध्ये होते. उद्या काढून ठेवतो, उद्या काढून ठेवतो, असं म्हणत राहिलो."

"आणि ती आपोआप पुसली?"

"आपोआप नाही," स्वराज म्हणाला. "काल कुणीतरी पुसली. खंडेनवमीला, हत्यारं पूजेत असताना."

२

खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नाही, हे करंजखारात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिस्त्री पान्याला शिवत नाही, नाखवा सुकाणूला शिवत नाही. स्वराजच्या दुकानातही तसंच. धर्माजीच्या बायकोने, आवडाबाईने, सकाळी दहाला पाटावर सगळं मांडलं होतं: सोल्डरिंगची काडी, मीटर, धर्माजीचे पाने, लॅपटॉप, मास्टर पेटी, बटणांचं खोकं आणि 'गोचीड'.

गोचीड म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र, काडेपेटीएवढं. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला केबल, ती चिपच्या सहा पिनांना चिकटते. चिकटली की सोडत नाही म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलेलं.

"ही लॅपटॉपवर नोंद ठेवते," स्वराजने दाखवलं. "काल दुपारी एक वाजून बारा मिनिटं. 'वाच' म्हणून सांगितलंय. चिपला कुलूप, म्हणून नकार. परत 'वाच'. नकार. तिसऱ्यांदा 'वाच'. नकार. मग कुलूप उघडलंय. मग एकदा वाचलीय, आणि दुसऱ्या चिपवर उतरवलीय. माझ्या खणातला चिप बसवलेला एक सुटा बोर्डही गेलाय."

"म्हंजे चोराला नक्कल हवी होती."

"हो ना! आणि नक्कल कोणाला हवी, ते आख्ख्या गावाला माहीत आहे."

गावाला माहीत होतं. आतापर्यंत दुकानापुढे पंचवीस माणसं जमली होती आणि सगळी वरच्या आळीतल्या पाहुण्यांच्या खोल्यांकडे बघत होती. तिथे केतन उतरला होता. नवी मुंबईच्या कंपनीचा माणूस, रो-रो बोटीने गाडी घेऊन आलेला. कान विकत मागत होता. काल प्रसादाला दुकानात येऊन गेला होता.

"त्याच्या गाडीची हवा सोडलीय," कोणीतरी अभिमानाने सांगितलं. "आता त्याची सोडायची."

"खबरदार," नीराबाई म्हणाली. तिच्या पुकाऱ्याच्या आवाजाला जेटी तीस वर्षं गप्प होत आली होती, आताही झाली. "स्वराज, काल दुपारी तू कुठं होतास?"

"साडेबारा ते दीड घरी जेवायला. दुकान उघडंच होतं. पूजा मांडलेली असताना दार लावत नाहीत."

"त्या तासात कोण आलं?"

"केतन. आणि रितेश. अंगणात हार ओवत बसलेल्या बायकांनी बघितलं." रितेश म्हणजे स्वराजचा जुना भागीदार, भांडून तळोज्याच्या कारखान्यात गेलेला. "मागचं दार विहिरीकडे उघडतं. तिकडून कोण आलं-गेलं, देव जाणे."

"आकडे परत बसवता येतील?"

"येतील. धर्माजीकाकांना घेऊन परत अठरा होड्या. परत दोन वर्षं." स्वराज वळला. "काका, बसाल ना माझ्याबरोबर?"

धर्माजी गर्दीच्या कडेला उभा होता, समुद्राकडे तोंड करून. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तसाच चालू लागला, 'केसर'च्या दिशेने.

"बघितलं?" मागून एक नाखवा पुटपुटला. "वर्षभर माज चढलाय म्हाताऱ्याला. हाक मारली तर ओ देत न्हाय."

"माझ्या फळीचा सत्यानाश केलाय त्यानं," दुसरा म्हणाला. "लाल रंगानं बरबटवलीय."

"माझी काय वेगळी हाय?" नीराबाई म्हणाली. "इंजिनावरच्या फळीवर सहा घड्याळं काढलीत, एकेक काट्याची. एक वेळ धड दाखवत न्हाय!"

लोक हसले. धर्माजीची खोडच ती, बोल्ट उघडायच्या आधी त्यावर रंगाची रेघ मारायची, म्हणजे परत तिथेच बसतो. हात लागेल तिथे रंग. नीराबाई मात्र हसता हसता थांबली. स्वराजसाठी दोन वर्षं उन्हात बसलेला माणूस स्वराजच्या हाकेला पाठ दाखवतो?

"दुपारच्या भरतीपर्यंत कुणी केतनला हात लावायचा न्हाय," तिने बजावलं आणि पदर खोचला.

३

केतन खोलीत बॅग भरून बसला होता. दार उघडताच दचकला.

"मावशी, मी पोलिसांना फोन करणार आहे, हां."

"कर की. अलिबागवरनं यायला त्यांना तास लागंल. तोवर माझ्याशी बोल. तू नक्कल केलीस?"

"कशाला करू? मी स्वराजला चांगली ऑफर दिली होती. परवा त्याने तोंडावर नाही सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे भाई, हात मिळवला, निघालो. त्याच्या दुकानाच्या दारातच. आख्ख्या जेटीने बघितलं असेल."

"आणि काल?"

"प्रसादाला बोलावलं म्हणून गेलो. शिरा खाल्ला. ते सहा बटणांचं ट्यूनिंगचं खोकं पाटावर होतं, ते बघितलं. बस."

"हात लावलास?"

"कुंकू लावलेल्याला कोण हात लावेल? माझी आईपण घरी पूजा करते." मग तो चिडला. "आणि मावशी, एक सांगू? ही चिप कुलूपबंद असते ना, तिचं कुलूप उघडलं की ती स्वतःला पुसते. बनवलीच तशी आहे, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. कुलूप उघडून नक्कल करणारा महामूर्ख! कोऱ्या पाटीची झेरॉक्स काढली त्याने. मी बारा वर्षं हे काम करतोय. हे मला माहीत नसेल?"

नीराबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. लिलावात जो काही लपवत असतो तो डोळ्यांत बघत नाही. केतन सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता आणि त्याला अपमान झोंबला होता, चोर ठरवल्याचा नव्हे, मूर्ख ठरवल्याचा.

"पुसायचं होतं म्हणून उघडलं असंल कुणी?"

"पुसायचं असेल तर तीनदा वाचायला का जाईल? पुसायचं बटण वेगळं आहे. नाहीतर सरळ विहिरीत टाकायची पेटी."

म्हणजे चोराला वाचता यावं असं मनापासून वाटत होतं, आणि कुलपाचा स्वभाव त्याला ठाऊक नव्हता. नीराबाई उठली.

"गाडीच्या चाकात हवा भरून मिळंल," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी गरीब माणसाची अक्कल विकत मागायला येशील ना, तेव्हा गाडी मांडव्यालाच ठेव."

आता उरला रितेश. आणि रितेशने महिन्यापूर्वी चहाच्या टपरीवर दहा माणसांदेखत सांगितलं होतं की स्वराजचं कुलूप एक दिवस मीच तोडणार.

४

"म्हटलं होतं," रितेशने कबूल केलं. तो जेटीवर एकटाच पाय सोडून बसला होता. "आत्या, मी म्हणत होतो कुलूप लावू नको. गावाची अक्कल आहे, गावाला खुली ठेव. प्रोग्राम सगळ्यांना दे, आकडे वहीत लिही. तो म्हणाला, कंपनीवाले चोरतील. मी म्हटलं, चोरू देत. आपल्याला तरी कुठं कोणी हाताला धरून शिकवलं? लोकांनी फुकट टाकलेल्या वस्तूंवरच शिकलो ना आपण?"

"मग तोडलंस कुलूप?"

"मी तोडलं असतं तर आधी आकडे काढून घेतले असते. पुसलं जातं हे मीच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. नक्कल ठेव, नक्कल ठेव, म्हणून जीव खाल्ला त्याचा. त्यावरनंच तर भांडण."

"मग काल कशाला आलास?"

रितेशने मान वळवली. "माझा मीटर आहे त्या दुकानात. पहिला घेतलेला. त्याला कुंकू लागलेलं बघायचं होतं."

नीराबाईने त्याच्या पाठीवर थाप मारली. हा पोरगा चोरीला नव्हे, परत बोलावलं जातंय का ते बघायला आला होता.

"एक सांग. ती गोचीड नकार देते, म्हंजे काय होतं? लॅपटॉपवर लिहून येतं?"

"येतंच. वर आवाज होतो. टूं, टूं, टूं. आणि स्वराजने लॅपटॉपला लग्नातला स्पीकर जोडलाय, इंजिनाचे आवाज ऐकायला. नकार आला की कानठळ्या बसतात. मी तिथं काम करायचो तेव्हा पहिलं काम आवाज बंद करणं."

नीराबाई उठता उठता परत खाली बसली.

"तीनदा नकार," ती हळूच म्हणाली. "आणि बाहेर अंगणात बायका हार ओवत बसल्या होत्या."

५

आवडाबाई दुकानात पाटापुढे बसून वाळलेली फुलं गोळा करत होती.

"वहिनी, काल तू अंगणात होतीस. स्पीकर वाजला?"

"बोंबलला की! थांबून थांबून तीन वेळा. कानांत बोटं घातली आम्ही. वाटलं, स्वराज जेवून आला."

"एकदा वाजल्यावर लहान केला आवाज कुणी?"

"न्हाय गो. तिन्ही वेळा तसाच."

नीराबाई पाटाजवळ वाकली. गोचिडीची केबल उचलून तिने तोंडाशी बघितली. सहा बारीक भोकं, आणि भोकांत कुंकू. पूजेनंतर कोणीतरी कुंकवाच्या बोटांनी ती पिनांवर बसवली होती. पण केबल परत जागेवर होती, झेंडूचं फूल परत वर, फुलावर मोजून तीन अक्षता. आणि गोचिडीच्या पाठीवर नवा टिळा.

"वहिनी, तू आधी काय लावतेस?"

"हळद. मग तीवर कुंकू. सगळ्या बाया तशाच लावतात."

"ह्यावर बघ."

कुंकू खाली होतं. हळद वर. अंगठ्याने लावलेला रुंद टिळा, आणि त्याच्या कडेला काळी रेघ, इंजिनाच्या तेलाची.

आवडाबाईचा हात थांबला. तिने वर बघितलं नाही.

"चोर कसला गो हा," नीराबाई म्हणाली. "पूजा मोडली म्हणून परत मांडून गेला. देवाला भिणारा, घाईतला, पूजा कधी स्वतः न केलेला पुरुष. स्पीकर बोंबलला तरी दचकला न्हाय. दुसरा कोणी असता तर पहिल्याच टूंला विहिरीकडनं पळाला असता. ह्यानं परत बटण दाबलं, परत दाबलं. का? शूर होता म्हणून?"

आवडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस झाले, वहिनी?"

"गेल्या दसऱ्यापासनं," आवडाबाई म्हणाली. "आधी उजवा गेला. मग डावा, शेवटच्या होडीचे आकडे बसल्यावर. मला शपथ घातलीय. म्हणतो, कान न्हाय तर मी मिस्त्री कसला. नीरा, गावाला सांगू नको गो."

नीराबाई 'केसर'कडे निघाली. चोर सापडला होता आणि त्याहून वाईट गोष्टही सापडली होती. अठरा होड्यांचे आकडे परत बसवायला जो कान हवा, तो या जगात उरला नव्हता.

६

धर्माजी इंजिनापाशी बसला होता, पाठ वळवून. इंजिन चालू, त्याचा उजवा तळवा इंजिनावर. नीराबाईने मागे उभं राहून रिकामा डबा फळीवर आपटला. तो हलला नाही. ती समोर जाऊन बसली, त्याला तिचे ओठ दिसतील अशी.

"परवा स्वराजनं केतनशी हात मिळवला, ते तू बघितलंस."

धर्माजीने इंजिन बंद केलं.

"बघितलं," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखा, गरजेपेक्षा मोठ्याने. "विकला माझा कान. नवी मुंबईला. हसत होते दोघं. मला वाटलं, उद्या पेटी जाईल, गावाकडं काय उरंल?"

"त्यानं न्हाय सांगितलं होतं, धर्माजी. हात निरोपाचा होता."

म्हाताऱ्याचा चेहरा विस्कटला.

"मी रोज त्याच्या बाजूला बसतो," तो म्हणाला. "कुठलं बटण दाबतो ते बघतो. तेच दाबलं. लाल आलं. परत दाबलं, लाल. तिसऱ्यांदा, लाल. मग कुलपाचं चित्र दिसलं. म्हटलं, कुलूप हाय तर उघडू. इंग्रजीत कायतरी चार ओळी आल्या, खाली दोन बटणं. स्वराज नेहमी डावीकडचं दाबतो, मी डावीकडचं दाबलं. हिरवं आलं. मला वाटलं, झालं काम." त्याने खिशातून रुमालाची पुडी काढली. आत सुटा बोर्ड होता. "सकाळपर्यंत वाटत होतं, माझा कान माझ्या खिशात हाय. मग त्याचे ओठ बघितले. कोरी, म्हणत होता."

त्या चार ओळी मराठीत असत्या तर दोन वर्षं वाचली असती. पण करंजखारचा मिस्त्री हे कधी वापरेल, असं लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मी परत ऐकू शकत न्हाय, नीरा," धर्माजी म्हणाला. "संपलं ते."

नीराबाईने नजर फिरवली, कारण त्याचं तोंड बघवत नव्हतं. नजर इंजिनावरच्या फळीवर गेली. सहा लाल गोळे. प्रत्येकात एकेक काटा. एक वर, एक जरा उजवीकडे, एक पार खाली.

सहा.

ती केवढ्याने ओरडली! पलीकडच्या होडीवरून दोघं डोकावले.

"धर्माजी! ही घड्याळं कशाची?"

"कशाची म्हंजे? खोक्याच्या बटणांची. काम झालं की बटणं जिथं असतील तशी खूण मारून ठेवतो. बोल्टला मारतो तशी. सवय हाय हाताला."

"सगळ्या होड्यांवर?"

"सगळ्या. शिव्या खाल्ल्या की सगळ्यांच्या."

"स्वराजला ठाऊक हाय?"

"त्याचं तोंड लॅपटॉपात. आणि त्याच्याकडं खरे आकडे होते. ह्या रंगाचं त्याला काय करायचं?"

नीराबाई जेटीवर उडी मारून धावत सुटली. साठीला टेकलेली बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, दसऱ्याच्या दिवशी.

७

दुकानापुढे धर्माजीने स्वतःच सांगितलं. नीराबाई सांगू लागली तर तिला हाताने थांबवून, रुमालाची पुडी स्वराजपुढे धरून, सगळ्यांदेखत. कानांचंही सांगितलं. गर्दीतला तो माज म्हणणारा नाखवा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

स्वराज आधी लालबुंद झाला. "काका, मला विचारायचं तरी!"

"त्यानं एक दुपार चूक केली," नीराबाईने ठणकावलं. "तू दोन वर्षं केलीस. रितेशनं सांगितलेलं ऐकलं असतंस तर आज आपण वडी खात बसलो असतो. चल, उचल ते खोकं."

सहा बटणांचं खोकं घेऊन स्वराज पहिल्यांदा 'केसर'वर चढला. गोळ्यातल्या काट्याप्रमाणे एकेक बटण फिरवलं. साठवलं. नवी पेटी इंजिनाला चिकटवली, इंजिन सुरू केलं. हिरवा दिवा. मग रितेशने न सांगता लॅपटॉप उचलला, आणि दोघं होडीमागून होडी करत निघाले. रितेश प्रत्येक होडीचे आकडे वहीतही लिहीत होता, मोठ्या अक्षरांत, स्वराजला दिसेल असे. केतन गाडीच्या चाकात हवा भरून आला होता. निघायचं सोडून तोही बघत उभा राहिला.

अठरावी होडी नडली. तिच्या नाखवाने गणपतीआधी फळीला नवा निळा रंग दिला होता. घड्याळं गायब.

"सतरा तर सतरा," कोणीतरी म्हणालं.

धर्माजीने लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्याचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. डोळे मिटले. मग त्याचा डावा हात खोक्याकडे गेला आणि एकेक बटण फिरवू लागला. जरा इकडे, जरा तिकडे. स्वराज स्क्रीनवर बघत होता. मागच्या वेळी गाळलेल्या आवाजाचा आलेख जसा दिसला होता तसाच हळूहळू उमटत होता.

धर्माजीने डोळे उघडले. मूठ तोंडातून काढली.

"हाडातनं येतो," तो नवलाने म्हणाला. "कानात न्हाय, पण हाडातनं येतो गो!"

पेटी चिकटवली. लाल दिवा लागला.

"लागणारच," धर्माजी म्हणाला. "पंपाचा पट्टा सैल हाय. मगाशीच दातांना लागला." नाखवाने हात घालून बघितला. पट्टा सैल होता. घट्ट केला, इंजिन फिरवलं, दिवा हिरवा.

भरतीला अठरा होड्या निघाल्या. जेटीवर आपट्याची पानं वाटली गेली. स्वराजने धर्माजीच्या पायांना हात लावला आणि रितेशच्या हातात पान देताना त्याचा हात जरा जास्त वेळ धरला. आठवड्याने गोचीड चालवायचं साधं, मराठीतलं सॉफ्टवेअर दोघांनी मिळून तयार केलं. त्यात कुलपाच्या चित्रावर बोट ठेवलं की पाटी येते: "हे दाबलंत तर सगळं पुसलं जाईल. आधी नीराआत्याला विचारा." आणि स्पीकरच्या जोडीला बाकाला हादरा देणारी एक छोटी मोटर बसवली, धर्माजीच्या कोपराशी.

पण ते पुढचं. त्या दुपारी 'केसर' बाहेर पडताना गणराजने फडका भिजवून फळीवरचा लाल रंग पुसायला घेतला, सणाचं स्वच्छ दिसावं म्हणून. नीराबाईने त्याच्या हातावर चापट मारली.

"ठेव तो फडका. घड्याळं बरोबर हायत."